माळावर हातात दिलेली डबी

मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पुरावा दाखवल्याशिवाय मला कुणाचं काही पटत नाही, यावरून घरात सगळे माझी चेष्टा करतात. अंगात येणं, करणी, दृष्ट... असलं काही कुणी माझ्यापुढं काढलं की मी त्याला सरळ गप्प बसवते. तुमच्या या ग्रुपवरचे अनुभव मी रोज वाचते आणि खरं सांगू? निम्म्यांवर मला हसू येतं. रागवू नका. नव्वदीला टेकलेय, आता जिभेवर ताबा राहिलेला नाही.

पण एक प्रसंग असा आहे की त्याची साक्षीदार मी स्वतः आहे, आणि तो मला आजवर सुटलेला नाही. एका बोटानं टाईप करतेय, चुका पोटात घाला.

लढाईचे दिवस होते, दुसऱ्या महायुद्धाचे. आमच्याकडं निजामाचं राज्य. कळंबला अप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची, धान्याची आडत होती. घरात अप्पा, आई, अप्पांची आई म्हणजे माझी आजी, मी नऊ वर्षांची आणि माझा भाऊ बसू चार वर्षांचा. आईला तेव्हा सातवा महिना लागला होता. आम्ही लिंगायत. आमच्यात ज्याच्या त्याच्या गळ्यात इष्टलिंग असतं. आमच्या घरी ते चांदीच्या डबीत घालून दोऱ्यानं गळ्यात बांधायचे. ते अंगावेगळं करायचं नाही. माणूस गेला की समाधीत बसवताना ते त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात, त्याच्याबरोबरच ते मातीत जातं. आणि आमच्या आजीचा आणखी एक कडक नेम होता — लिंग हरवलं, तर ते सापडेपर्यंत किंवा जंगमस्वामी, म्हणजे आमचे गुरू, येऊन दुसरं बांधेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

शांताआत्या, अप्पांची धाकटी बहीण, परंड्याला दिलेली. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचा सांगावा यायचा, "आंबे उतरलेत, या." दरवेळी अप्पा एकटेच जाऊन यायचे. त्या वर्षी मात्र आईनं तोंड उघडलं. लग्न झाल्यापासून ती कळंबच्या वेशीबाहेर माहेराशिवाय कुठं गेली नव्हती. "मलाबी एकडाव परंड्याचा किल्ला बघू द्या, ती तोफ बघू द्या," म्हणाली. आजी कडाडली, "सातव्यात कुनी मोटारीत बसतं का?" पण अप्पांनी कधी नव्हे ते आजीचं ऐकलं नाही. जायचं ठरलं. मी आणि बसू दोन दिवस झोपलो नाही.

मोटार पहाटेची होती. आईनं घाईघाईनं पूजा उरकली, दोरा गळ्यात बांधला. निघताना आजीनं तिला दारात थांबवून बजावलं, "नेम मोडशील तर माझी शपथ हाय." ती रोजच कुणाला ना कुणाला शपथ घालायची, तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पेट्रोल लढाईवर गेलेलं, त्यामुळं मोटारी कोळशावर चालायच्या. पाठीमागं ही मोठी भट्टी, तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्या धुरावर गाडी पळवायची... पळवायची म्हणजे काय, चढ आला की उतारू खाली, आणि उतारूच गाडीला ढकलणार! बसूला तर ढकलण्यातच जास्त मजा वाटत होती. आईला मात्र तो धूर सोसेना. दोनदा ओकली. बरोबर आणलेला फिरकीचा तांब्या तिनं आम्हा पोरांसाठी राखून ठेवला. स्वतः फक्त चूळ भरली.

येरमाळ्याच्या पुढं, बार्शीच्या रस्त्याला पाच-सहा मैलांवर मोटार बंद पडली ती पडलीच. ड्रायव्हरनं भट्टी उकरली, शिव्या घातल्या, शेवटी हात झटकून झाडाखाली पसरला. बाकीचे उतारू पायी नाही तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गाडीतून पांगले. अप्पांनी एक बैलगाडी ठरवली. गाडीवान दगडूमामा म्हणून एक म्हातारा होता, त्यानं आडवाटेनं माळावरून पुढच्या गावापर्यंत सोडतो म्हणून सांगितलं. तिथून दुसरी मोटार मिळाली असती.

मैल-दीड मैल गेलो असू आणि गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निखळली. आरे खिळखिळे झाले. दगडूमामानं बैल सोडले, चाक काढलं आणि म्हणाला, "बसा हितंच. लोहाराकडनं आलोच." एका बैलाच्या पाठीवर चाक बांधून तो निघून गेला. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी दोन वाहनं मोडली! अप्पा हसून म्हणाले, "आता तिसरं काय मोडायचं राहिलंय?"

जागा नीट सांगते. मुरमाड उघडा माळ. नजर जाईल तिथवर ढेकूळसुद्धा उंच नाही, घर नाही, विहीर नाही. मध्ये एकच कडुलिंबाचं झाड, त्याच्याखाली आम्ही. ऊन डोक्यावर आलेलं. आईनं घाम पुसायला पदर बाजूला केला, गळ्याशी हात नेला आणि तिचा हात तिथंच थांबला.

गळ्यात दोरा नव्हता. लिंग नव्हतं. डबीही नव्हती.

आम्ही पदर झटकला, गाठोडी सोडली, गाडीतला कडबा काढून काडी न् काडी बघितली. काही नाही. अप्पांनी पहिली गोष्ट कुठली केली असेल? फिरकीचा तांब्या उघडला आणि आईपुढं धरला.

"आधी पानी पी. मग हुडकू."

आई त्यांच्याकडं बघतच राहिली. "असं कसं बोलता? लिंगाबिगर?"

"म्या सांगतो न्हवं! पी."

"सासूबाईंनी शपथ घातलीया. तुमच्या म्होरंच घातली."

"आईला काय सांगायचं ते म्या सांगतो. घोटभर तरी घे..." आणि अप्पांनी तिच्यापुढं हात जोडले. त्या काळात नवऱ्यानं बायकोपुढं हात जोडलेले मी ना कधी आधी पाहिले, ना नंतर. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला होता की मला लिंगापेक्षा त्यांचीच भीती वाटली. आई मान हलवत राहिली. ती हट्टी नव्हती हो. ज्या घरात आली त्या घराचे नेम तिनं खरे मानले होते, एवढंच.

शेवटी अप्पांनी तांब्या माझ्या हातात दिला. "म्या मोटारीपतोर बघून येतो. ही जरा जरी हो म्हणली तर लगेच पाज. ऐकलंस का?" आणि ते त्या उन्हात अक्षरशः पळत सुटले.

आई झाडाला टेकून बसली. पहाटेपासून पोटात काही नाही, वर ओकाऱ्या, वर ते ऊन. थोड्या वेळानं तिचं बोलणं जड झालं. जीभ टाळूला चिकटायला लागली. मी तांब्या पुढं केला की ती डोळ्यांनीच नको म्हणायची. मग एकदम तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला.

"बघ गं. हालतंय का?"

मी हात दाबून धरला. कितीतरी वेळ धरला. काही हाललं नाही.

"हालतंय," मी खोटं सांगितलं.

ती ओळखून होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला पाहिजे होतं, पण तेही येईना. बसू रडून रडून झोपला होता. मी नऊ वर्षांची. आता आई मरणार आणि मी नुसती बघत बसणार, एवढंच मला कळत होतं.

तेवढ्यात आमच्यावर सावली पडली. मी वर बघितलं.

एक बाई उभी होती. माळावर चालत येणारं माणूस अर्ध्या मैलावरून दिसतं, पण ही येताना मला दिसली नाही. हिरवं इरकली लुगडं, डोक्यावरून पदर, कपाळाला विभूती. अनवाणी. त्या मुरमावर पाय ठेवला की आम्ही किंचाळत होतो, आणि ती शांत उभी होती. वयानं आईपेक्षा लहानच असेल. तिचे ओठ मात्र... उन्हाळ्यात तळ्याची माती भेगाळते ना, तसे फुटलेले, वर पांढरी साय धरलेली.

ती खाली बसली, आईची मूठ उघडली, तिच्या तळहातावर एक चांदीची डबी ठेवली आणि तिची बोटं मिटवली.

आईच्या तोंडून कसंबसं निघालं, "कुठं घावली, बाई?"

ती बाई तांब्याकडं बोट दाखवून म्हणाली, "नीर कुडी, तंगी."

मला कानडी येत नव्हतं, आईलाही नाही. आमच्या त्या भागात कानडी बोलणारं कोण असणार? पण शब्द मला जसेच्या तसे पाठ राहिले. अर्थ पुढं कळला: पाणी पी, धाकटे बहिणी.

आईनं डबी डोळ्यांना लावली आणि माझ्याकडं हात केला. ती तांब्याला तोंड लावून प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. मधेच माझं त्या बाईच्या ओठांकडं लक्ष गेलं. मी तांब्याच्या झाकणात थोडं पाणी ओतून तिच्यापुढं धरलं. तिनं त्या पाण्याकडं बघितलं. कसं बघितलं ते मला लिहिता येणार नाही. मग मान हलवली, नको.

ती गेली कशी, हे मी पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू? आईनं "अगं..." म्हणून पोटाला हात लावला, मीही लावला, आणि आत अशी काही लाथ बसली की आम्ही दोघी हसायला लागलो. वळून बघते तर माळ रिकामा. मी उठून झाडाभोवती चारी दिशांना बघितलं. लपायला जागाच नव्हती.

बऱ्याच वेळानं अप्पा आले, रिकाम्या हातांनी. आई सावरून बसलेली, गळ्यात डबी बांधलेली. मी पळत जाऊन सांगितलं, एका बाईनं आणून दिली. त्यांनी डबी बघितली. हात लावला नाही. तिथंच मातीत बसले.

"कोन हुती?"

"वस्तीवरची आसंल कुनीतरी," आई म्हणाली.

"काय म्हनली?"

मी मोठ्या ऐटीत ते शब्द म्हणून दाखवले. अप्पांनी माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात तेवढी एकदाच. मारून मग मला जवळ ओढलं.

दगडूमामा चाक घेऊन आला. मी त्याला विचारलं, इथं जवळ वस्ती कुठं आहे? तो म्हणाला, "वस्ती? ह्या माळावर पाखरू न्हाय ऱ्हात, बाळा."

रडतखडत बार्शी, आणि दुसऱ्या दिवशी परंडा. आत्यानं आंब्यांची आढी दाखवली, आमचे लाड केले. तिसऱ्या दिवशी सकाळी आई पूजेला बसली, डबी पुढं ठेवली, आणि फुलं घेऊन आलेली आत्या दारातच थबकली. फुलांचं ताट तिच्या हातातून पडलं. ती तशीच परसात गेली आणि अप्पांना हाक मारली. मी मागं मागं गेले आणि कडब्याच्या गंजीआड उभी राहिले. चोरून ऐकायची खोड मला होतीच, आणि त्या दिवशी ती महागात पडली.

"दादा, ही डबी गौरव्वा वैनीची हाय."

अप्पा भिंतीकडं वळले.

"बिजागरी तुटली हुती म्हनून म्याच तांब्याची तार गुंडाळली हुती तिला. माझ्या हातची तार म्या वळखीत न्हाय व्हय? आन् समाधीत बसवल्यावर तिच्या डाव्या हातावर ही डबी म्याच ठिवली. तू वरनं माती लोटलीस. मंग ही हितं आली कुठनं?"

गौरव्वा कोण, हे मला त्या दिवशी कळलं. अप्पांची पहिली बायको. उमरग्याकडची, घरात कानडी बोलणाऱ्यांतली. बाळंतपणात तापानं गेली, एवढंच आईला सांगितलेलं होतं. आमच्यापुढं तर तिचं नावही कुणी घेत नसे. आत्या रडत होती आणि एकेक काढत होती. तिला आठवा महिना होता. विहिरीवर पाणी शेंदताना गौरव्वाच्या डबीची बिजागरी तुटली, डबी गळ्यात राहिली आणि आतलं लिंग विहिरीत गेलं. जंगमस्वामी परगावी गेलेले. त्यातच तिला ताप भरला.

"दोन दिस पानी पानी करीत हुती ती. आई दारात बसून. कुनाला आत जाऊ दिलं न्हाय. म्या वाटी घिऊन गेले तर वाटी फेकली माझी. तू कुठं हुतास तवा?"

"उंबऱ्यावर," अप्पा म्हणाले.

"तिसऱ्या दिशी स्वामी आले. दुसरं लिंग त्याच डबीत घालून बांधलं, आन् तासाभरात ती गेली. स्वामी काय म्हनले ते इसरलास? आजारी बाईला पानी द्यायला कुनी आडवलं हुतं, म्हनले. लिंग हरवलं म्हनून जीव घ्या, आसं कुठं सांगितलंय, म्हनले!"

अप्पा भिंतीला डोकं टेकून उभे होते. "आता हिला सांगू नको," एवढंच म्हणाले. "हिला कळलं तर ही पुन्यांदा पानी सोडंल."

आत्यानं सांगितलं नाही. मीही नाही. किल्ला बघितला, तोफेवर बसलो, आंबे खाल्ले. कशाचीच चव लागली नाही मला.

दोन महिन्यांनी कळंबला माझा धाकटा भाऊ झाला, सुखरूप. अप्पांनी मात्र परत आल्यापासून आजीच्या हातचं पाणी घेतलं नाही. तिनं तांब्या पुढं केला की ते उठून स्वतः रांजणातून घ्यायचे. आजी त्यानंतर नऊ वर्षं जगली आणि तिनं एकदाही कारण विचारलं नाही. तिला ठाऊक असावं. मी आजीवर माया करायचा पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही.

आता तुमच्यातले हुशार विचारतील... मीही विचारलंय, आयुष्यभर. अप्पांनीच गुपचूप डबी काढून ठेवली असेल का? मग आत्यानं स्वतःच्या हातानं ठेवलं ते काय? चांदीसाठी कुणी समाधी उकरली असेल? शक्य आहे. पण चोर ती डबी वीस मैलांवर नेऊन, नेमकी त्या दुपारी, माझ्या आईच्या मुठीत कशाला ठेवेल? आणखी एक, जे मी त्या रात्रीच बार्शीत पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. तारेच्या वेढ्यांत माती अडकलेली होती. त्या माळावरची मुरमाड तांबूस नव्हे, काळी, चिकट, कळंबच्या शेतात असते तशी. समाधी उघडून बघायची भाषा अप्पा गेल्यावर एकदा निघाली होती. कुणाचा धीर झाला नाही, माझाही नाही. आईची स्वतःची डबी कधीच सापडली नाही.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडं होती. एके दुपारी तिचे केस विंचरताना मी म्हटलं, आता लपवून काय करायचंय, आणि परसात ऐकलेलं सगळं तिला सांगून टाकलं. वाटलं, हादरेल. ती शांतपणे म्हणाली, "मला तिथंच कळलं हुतं. माझ्या डबीला तार कुठं हुती?"

माझ्या हातातली फणी थांबली. "तुला माहीत होतं ती तुझी नाही? आणि तरी पाणी प्यायलीस? अगं, आजीची शपथ, नेम..."

"कुनाची हाय ते ठावं नव्हतं. तिची बोलीबी कळली न्हाय. पर तिचे ओठ बघितलेस न्हवं तू? तसल्या ओठांनी ती मला पी म्हनत हुती." आईनं गळ्यातली डबी मुठीत धरली. "तिला न्हाय म्हनाया म्या काय सासूबाई हुते?"

त्यानंतर तीन आठवड्यांनी आई गेली. तिला बसवल्यावर तिच्या डाव्या तळहातावर ती डबी मीच ठेवली, तारेसकट. एकच डबी दोन बायकांबरोबर मातीत गेली, हे गणित मला आजही मांडता येत नाही.